ड्रिलशिवाय कीड थांबवताना

जगभरात तोंडाचे आजार असलेले जवळपास ३५० कोटी लोक आहेत, आणि त्यातल्या दर चार जणांत तिघे कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात (जागतिक आरोग्य संघटना, २०२२). तिथे डेंटल खुर्ची, कॉम्प्रेसर आणि दंतवैद्य पोचेपर्यंत मुलाची दाढ हातची जाते. म्हणून मला सर्वांत मोलाचं वाटतं ते खुर्चीवाचून काय साधेल हे तपासणारं संशोधन.

३८ टक्के सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड हे किडीवर लावायचं द्रव औषध त्याचं उत्तम उदाहरण. यातली चांदी जंतू मारते, फ्लोराईड मऊ पडलेला दात कठीण करतं. ओठांना आणि हिरडीला व्हॅसलिन लावायचं, दाताशेजारी कापसाची गुंडाळी ठेवायची आणि किडलेली जागा नीट कोरडी करायची. औषधाचा एकच थेंब प्लास्टिकच्या वाटीत घ्यायचा, कारण काच आणि धातू त्याने खराब होतात. मग बारीक ब्रशने मिनिटभर लावून जास्तीचं टिपून घ्यायचं. एका थेंबात चार-पाच दात सहज होतात. फसतं ते बहुधा कोरडं करण्यात: लाळ शिरली की औषध पातळ होऊन वाहून जातं. रात्री ठणकणाऱ्या किंवा पू झालेल्या दातावर हे लावू नये, तिथे कीड दाताच्या आतल्या नसेला भिडलेली असते. चांदीची ॲलर्जी असेल तर मुळीच नाही.

किती वेळा लावायचं? हाँगकाँगच्या बालवाड्यांतल्या ८८८ मुलांवरच्या चाचणीत १२ टक्क्यांचं औषध वर्षातून एकदा लावल्यावर ३० महिन्यांनी ५५.२ टक्के कीड थांबली; ३८ टक्क्यांचं, दर सहा महिन्यांनी लावल्यावर ७५.७ टक्के. ज्यांचे दात नीट घासले जात नाहीत, त्यांना सहामाहीचा फायदा विशेष होतो. गरज नेमकी याच मुलांना असते!

न्यूयॉर्कच्या शाळांतल्या चाचणीत नर्सनी केलेलं काम डेंटल हायजिनिस्टच्या (दातांच्या सफाईचं प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या) तोडीचं ठरलं. दंतवैद्य नसलेल्या गावासाठी हा निष्कर्ष फार मोठा आहे. २०२१ पासून हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीतही आहे.

एक गोष्ट मात्र आईवडिलांना आधीच, फोटो दाखवून सांगायला हवी: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. कातडीवरचा डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही. समोरच्या दातांसाठी कुणी नकार दिला तर तो मान्य करून मागच्या दाढांपुरती संमती विचारावी.