डावखुरी स्ट्रॅट

गिटार माझ्या दुरुस्तीच्या बाकावर आली तेव्हा जाड सहावी तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा बसतात त्या खाचेदार पट्टीच्या, खाचेत उतरलीच नव्हती, वरच टेकून राहिली होती. पहिली तार रुंद खाचेत लोळत सतारीसारखी झणझणत होती. डावखुऱ्या मुलीने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार घेऊन तारा उलट्या क्रमाने चढवल्या होत्या, बाकी सगळं तसंच. "दादा, मला 'लिटल विंग' वाजवायचंय, हेंड्रिक्ससारखं," एवढंच तिचं मागणं.

डावखुरा अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. तारा मात्र तो डावखुऱ्याच्या क्रमाने, जाड तार वर ठेवून लावायचा. म्हणजे कामाची सुरुवात नटपासून.

नटच्या दोन्ही कडांवरच्या लॅकरला आधी सुरीने रेघ मारली, नाहीतर नट निघताना ढलपा उडतो. मग लाकडी ठोकळा लावून बाजूने हलके टोले. तोच नट फिरवून बसवायचा मोह टाळावा. खाचांचा उतार खुंट्यांकडे असतो. फिरवला की तो फ्रेटबोर्डकडे, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीकडे येतो, तार मागच्या कडेवर टेकते आणि पुन्हा झणझणते. नवा हाडाचा नट घेतला. ०.०१० इंची तारेला ०.०११ची खाच, ०.०४६ला ०.०४८ची. तार तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबली की पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागदाएवढी फट दिसावी. त्याहून खोल गेलं की नट वाया.

हेंड्रिक्सची गिटार बहुतेकदा अर्धा सूर उतरवलेली असायची. तारांचा ताण त्याने साधारण ११ टक्के घटतो. मग मागच्या स्प्रिंगा ट्रेमोलो, म्हणजे तारा अडकवलेला हलता ब्रिज, मागे खेचतात आणि मान किंचित सरळ होते. स्प्रिंगा अडकवलेल्या मागच्या पट्टीचे स्क्रू सैल केले, मानेतली ताणाची सळई म्हणजे ट्रस रॉड पाव फेरा सोडला. ब्रिजवर प्रत्येक तारेला टेकू देणारं सॅडल शेवटी: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल मागे. जाड तारेचं सॅडल बरंच मागे न्यावं लागलं, कारण तिथे आधी पातळ तार होती.

हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं डोकं, उलटा असला की जाड तारेचा ताण वाढतो, असं ठामपणे सांगणारे भेटतात. ते चूक आहे. ताण ठरतो तारेची जाडी, सूर आणि नट ते सॅडल या ६४८ मिलिमीटरवर. नटमागची लांबी फक्त तार ओढताना जाणवते: पातळ तारेचा मागचा तुकडा आता आखूड, म्हणून तोच सूर गाठायला बोट कमी सरकवावं लागतं.

आवाजात खरा फरक पिकअपमुळे, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या चुंबकांमुळे पडतो. ब्रिजजवळचा पिकअप तिरका असतो. गिटार उलटली की त्याचं ब्रिजकडचं टोक जाड तारांखाली येतं. खर्ज घट्ट होतो, पातळ तारा गोलसर वाजतात. जुन्या उंचसखल चुंबकांच्या पिकअपमध्ये दुसऱ्या तारेचं चुंबक सगळ्यांत बुटकं असतं. तिथे आता पाचवी तार येते आणि थोडी दबून वाजते.

तरी 'लिटल विंग' केवळ या भूमितीत नाही. १९६७च्या ऑक्टोबरात लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं हे गाणं अडीच मिनिटांचंही नाही. सुरुवातीला अंगठा मानेवरून वळून खर्ज धरतो, मोकळी बोटं त्याच कॉर्डमध्ये छोट्या हरकती घेतात. साथ आणि गाणारी सुरावट एकाच हातात. गाणं रचणारा म्हणून हेंड्रिक्सचं मोठेपण मला मंचावर गिटार पेटवण्याच्या त्या प्रसिद्ध प्रसंगापेक्षा इथे जास्त दिसतं. सप्टेंबर १९६६मध्ये तो लंडनला आला, १८ सप्टेंबर १९७०ला तिथेच वारला, वय २७. मधली चारच वर्षं, आणि अजून गिटारवाले या एका सुरुवातीवर महिने घालवतात.

संध्याकाळी मुलीने तीच सुरुवात वाजवली. अंगठा बरोबर बसला, पण चौथ्या ओळीला आवाज विरला. व्हॉल्यूमचा नॉब आता वर, थेट मनगटाखाली आला होता. नॉब काढला, खाली फेल्टचा वॉशर घातला, नॉब घट्ट फिरेल इतपत दाबून बसवला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.