चार दिवस जंगलात, खाणं सगळं साध्या किराणा दुकानातलं

मागच्या महिन्यात आम्ही तिघं चार दिवस तीन रात्री जंगलात तंबू ठोकून राहून आलो. ट्रेकिंगच्या दुकानातली ती ड्राय जेवणाची महागडी पाकिटं यावेळी घ्यायचीच नाहीत असं ठरवलेलं, सगळं किराणा दुकानातून उचललं आणि खर्च खरंच खूप कमी झाला. फक्त दोन ठिकाणी गंडलो, ते आधी सांगतो.

पहिलं म्हणजे पास्ता. स्वस्त दिसला म्हणून जाडा घेतला, पाकिटावर 12 मिनिटं लिहिलेलं. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम साधारण 3000 मीटरवर, आणि तिथे पाणी 90 डिग्रीच्या आसपासच उकळतं हे माहीत असून खरेदी करताना डोक्यातच आलं नाही. पंचवीस मिनिटं झाली तरी बाहेरून गिळगिळीत आणि आत कच्चा, त्यात वारा, स्टोव्हचा आवाज बारीक बारीक होत गेला तसे आमचे चेहरेही. शेवटी तसाच कचाकचा चावून संपवला. तेव्हा नुसतं गरम पाणी ओतून झाकून ठेवलं की होईल असंच घ्या, इन्स्टंट ओट्स, कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे), बटाट्याची इन्स्टंट पावडर, किंवा फार तर नूडल्स. स्वस्तात घेऊन वाचवलेले पैसे गॅसमध्ये जातात.

दुसरं, पाण्यातल्या टूना माशाचे डबे. वजन भरपूर, कॅलरी कमी, आणि रिकामे डबे वास मारत परत पाठीवर. तेलातला, पाऊचमधला मिळाला तर तो बरा.

दुकानात किंमत बघून झाली की पाकीट उलटं करा आणि 100 ग्रॅममागे कॅलरी किती ते वाचा. सफरचंद 50 च्या आसपास, ओट्स 380, पीनट बटर जवळजवळ 600. सगळ्याची सरासरी 400 च्या वर गेली तर माणशी दिवसाला 650-700 ग्रॅममध्ये भागतं, आमचं तरी भागलं. तेलाची छोटी बाटली ठेवाच, एक मोठा चमचा कशातही ढकलला की 120 कॅलरी वाढल्या. पीनट बटर प्लास्टिकच्या बरणीतलं, काचेचं नको. चीज कडक, अख्खा ठोकळा, थंड हवेत तीन-चार दिवस आरामात टिकतं.

घरीच खोके फेकून एकेका दिवसाचं झिप बॅगेत भरा. ओट्स, दूध पावडर, साखर, मनुका एकत्रच घातले आणि पाणी किती ते मार्करने वर लिहून ठेवलं, पहाटे कुडकुडत मोजामोजी कोण करणार! रात्री मात्र यातलं काहीही तंबूत ठेवू नका, वासाने प्राणी येतात.

आणि मीठ! आम्ही विसरलो. शेवटच्या रात्री बटाटा इतका सपक लागला की नूडल्सच्या मसाल्याची पुडी फोडून त्यात कालवली, आणि पूर्ण ट्रिपमधलं सगळ्यात भारी जेवण तेच झालं.