सिमेंटच्या रिकाम्या गोण्या

आज पुण्याहून भोरकडच्या एका ओढ्यावर वनराई बंधारा घालायच्या श्रमदानाला गेलो होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, तोंडे सुतळीने शिवून त्या एकावर एक रचताना कंबर बोलू लागली; पण दुपार कलताच पाणी घोट्यापर्यंत चढले. ज्यांच्या ‘वनराई’ संस्थेचे नाव या बंधाऱ्याला आहे, ते मोहन धारिया पुण्याचे खासदार होते, हे सोबतच्या तरुणांना ठाऊक नव्हते. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करावीत असा आग्रह धरल्याने १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारातील राज्यमंत्रिपद गमावलेल्या, आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या आणि १९७७ मध्ये जनता सरकारात वाणिज्यमंत्री झालेल्या धारियांना २००५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. माझ्या लेखी ते पद्मविभूषण या गोण्यांचेच.