सरळ रेघ

सकाळी लॅबमध्ये आले तेव्हा सिलिंडरवरून जाणाऱ्या प्रवाहाचं गणित सोडवायला कॉम्प्युटरवर रात्रभर लावलेला रन संपला होता. लिफ्टचा, म्हणजे सिलिंडरवर पडणाऱ्या आडव्या जोराचा, आलेख उघडला. सरळ रेघ, लाटेचा मागमूस नाही. मला जागेवर बसवेना.

गोल सिलिंडरवरून प्रवाह जाताना रेनॉल्ड्स क्रमांक (चिकटपणाच्या मानाने प्रवाहाचा जोर किती, ते सांगणारा आकडा) साधारण 47 च्या वर गेला की मागे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरे सुटू लागतात आणि सिलिंडरला आडवे हिसके बसतात. ते थांबवणं हा माझा पीएचडीचा विषय. नेमक्या जागी, मागे जरा बाजूला, एक बारका सिलिंडर ठेवला तर भोवरे सुटायचे थांबतात, हे स्ट्रायकोव्स्की आणि श्रीनिवासन यांनी 1990 मध्ये दाखवलं होतं. मी 60 रेनॉल्ड्स क्रमांकावर तेच करून पाहत होते. बारका मोठ्याच्या एक दशांश जाडीचा.

सरांनी आलेख निरखून पाहिला. म्हणाले, "छान. आता बारका काढ, बाकी कशाला हात लावू नकोस, आणि परत चालव."

खरं सांगायचं तर मला थोडं लागलं. तरी रन लावला. दुपारी साडेतीनला बघते तर पुन्हा सरळ रेघ! बारका नसताना! 60 वर एकट्या सिलिंडरमागे भोवरे सुटायलाच हवेत. पोटात गोळा आला. तीन आठवड्यांचे सगळे रन याच सेटिंगवर होते.

कारण संध्याकाळी सापडलं. बारक्याभोवतीच्या दाट ग्रिडमुळे, म्हणजे गणितासाठी आखलेल्या चौकटींच्या जाळीमुळे, सोल्यूशन सारखं डायव्हर्ज व्हायचं, आकडे भरकटायचे, म्हणून मी पहिल्या ऑर्डरची अपविंड स्कीम, म्हणजे गणित सोडवायची एक ढोबळ पद्धत, लावली होती. ती गणित सावरते, पण प्रवाहात स्वतःचा खोटा चिकटपणा मिसळून. मी पाण्याचं गणित मांडलं होतं आणि कोड काकवीचं सोडवत होता. भोवरे थांबले नव्हते, मुळात जन्मालाच आले नव्हते.

सर रागावले नाहीत. त्यांनी जर्मनीतल्या गॉटिंगेनची गोष्ट सांगितली. 1911 च्या सुमाराला प्रवाहशास्त्रज्ञ प्रांटल यांचा विद्यार्थी हिमेन्झ याचा पाण्यातल्या सिलिंडरमागचा प्रवाह सारखा हलायचा. सिलिंडर नीट गोल नसेल म्हणून त्याने तो घासून घासून गोल केला, मग पाण्याचा चॅनेल सारखा केला. प्रवाह हलतच राहिला. हलणं हा प्रवाहाचाच स्वभाव आहे, हे तिथेच असलेल्या फॉन कारमान यांनी ओळखलं.

मी जास्त अचूक अशी दुसऱ्या ऑर्डरची स्कीम लावली, टाइम स्टेप, म्हणजे गणितातलं वेळेचं पाऊल, निम्मी केली, मागचं ग्रिड दाट केलं आणि एकटा मोठा सिलिंडर चालवला. पहिले काही तास रेघ सरळच. मी आलेख सोडून नुसते आकडे बघत बसले. सहाव्या दशांश स्थळी चिन्ह बदललं. अधिक, उणे, अधिक. मग पाचव्या स्थळी. पहाटेपर्यंत पूर्ण लाट उभी राहिली. भोवरे किती झपाट्याने सुटतात ते सांगणारा स्ट्रूहाल क्रमांक 0.136, जितका यायला हवा तितकाच. मला रडू आलं.

त्या चालू लाटेतच मी बारका ठेवला. पहिल्या दोन-तीन हेलकाव्यांत फरक कळेना. मग प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा थोडं बुटकं होत गेलं आणि दुपारपर्यंत रेघ शांत झाली. शून्यावर मात्र नाही, किंचित बाजूला. बारका एकाच बाजूला होता ना.