आडनावांचा संग्रह : 'कोहेन'ची फाइल कुठवर आली

या खेपेला फाइलमध्ये एक मोठा बदल केलाय, तो आधी सांगतो. 'कोहेन'चं पान आता दोन रकान्यांचं झालं. डावीकडे आडनाव म्हणून कोहेन लावणारे. उजवीकडे जन्माने कोहेन, म्हणजे ज्यूंचा पहिला पुरोहित अहरोन याच्या घराण्यातले. बहुतेक माणसं दोन्हीकडे बसतात. जी बसत नाहीत, त्यांच्यामुळे पान वाचनीय झालंय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: कोहेन म्हणजे ज्यूंचा पुरोहित. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं, तिथली पूजाअर्चा संपली, पण बापाकडून मुलाकडे जाणारं ते पद काही संपलं नाही. वतनं गेली तरी आपल्याकडे कुलकर्णी-देशपांडे उरलेच की. म्हणून 'हा कोहेन त्या कोहेनचा कोण?' हा प्रश्न मी सोडून दिलाय. इस्रायलमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच, त्याखालोखाल लेवी.

फरक एवढाच, की कुलकर्णी असल्याचं आज कुणावर बंधन नाही, कोहेनवर आहे. धर्मनियम पाळणारा कोहेन अगदी जवळचा नातलग गेला नसेल तर दफनभूमीत पाऊल टाकत नाही आणि घटस्फोटितेशी लग्न करू शकत नाही. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्याच अखत्यारीत येतात. हाइम कोन हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आडनावाने ('कोन' हे कोहेनचंच रूप) आणि जन्मानेही कोहेन. त्यांना घटस्फोटितेशी लग्न करायचं होतं, तर देशात ते होईना. शेवटी न्यूयॉर्कला जाऊन लग्न लावलं. देशाचा न्यायाधीश असून ही गत! या फाइलमधली माझी सगळ्यात आवडती नोंद हीच.

सध्याचा बराच वेळ गेला तो स्टॅनली कोहेन या नावात. एक जीवरसायनशास्त्रज्ञ, ब्रुकलिनचे, 1986 चं वैद्यकाचं नोबेल मिळालेले. दुसरे जनुकशास्त्रज्ञ, 1973 मध्ये हर्बर्ट बॉयर यांच्यासोबत डीएनएचे तुकडे जोडून ते जिवाणूत वाढवून दाखवणारे. तिसरे जोहान्सबर्गला जन्मलेले समाजशास्त्रज्ञ. नुसतं 'स्टॅनली कोहेन, अमेरिकन शास्त्रज्ञ' असं कार्ड कुणी करू नका, पहिल्या दोघांची खिचडी ठरलेली. मी आता नावापुढे जन्मसाल लिहायला लागलोय: 1922, 1935, 1942.

त्यातल्या नोबेलवाल्यांचं काम मुद्दाम वाचून काढलं. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना एक अर्क टोचला, तर पिल्लांचे डोळे ठरल्या वेळेच्या किती तरी आधी उघडले आणि दातही लवकर आले. एरवी कुणी हे बाजूला सारलं असतं. हे कोहेन त्याच धाग्याने पुढे गेले आणि त्वचेच्या पेशी वाढवणारं प्रथिन हाती लागलं. आता संग्राहकांसाठी खाऊ: ते नोबेल त्यांनी वाटून घेतलं रीटा लेवी-मोन्ताल्चिनी यांच्याबरोबर. कोहेन आणि लेवी, एकाच पारितोषिकावर!

क्लोद कोहेन-तानूजी हे 1997 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी, लेझरने अणू थंड करण्याच्या कामासाठी. जन्म अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनचा. 'तानूजी' म्हणजे टॅन्जिअरचा. इतक्या कोहेनांतून आपलं घराणं वेगळं ओळखू यावं म्हणून जोडलेलं. म्हणजे टॅन्जिअरकरच की! आपल्या रायगडातल्या बेने इस्रायल ज्यूंनी किहीमकर, पेणकर, नवगावकर ही आडनावं घेतली ती याच चालीवर, फक्त त्यांना आधी कोहेन लावायची गरज पडली नाही.

स्पेलिंगांची शाखा मुद्दाम आवरती घेतली आहे. कोन, कान, कहाना, कागान. रशियनमध्ये 'ह' नसल्याने त्याचा 'ग' होतो, म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीश एलेना यांचं आडनाव कागान. 'काट्झ' हे तर 'कोहेन त्सेदेक'च्या आद्याक्षरांचं आडनाव, ते उजव्या रकान्यात चालतं. पण लुई कान यांना फक्त डावीकडे ठेवलंय. अहमदाबादच्या आयआयएमचे वास्तुरचनाकार हेच. एस्टोनियातून अमेरिकेला आल्यावर त्यांच्या घरच्यांनी मूळ श्मुइलोव्स्की टाकून कान हे आडनाव घेतलं. 1974 मध्ये भारतातून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर ते वारले. उलट्या बाजूने, नावात कोहेनचा मागमूस नसलेले कार्ल स्कोरेत्स्की उजवीकडे. हे हैफाचे मूत्रपिंडतज्ज्ञ, जन्माने कोहेन. उत्तर आफ्रिकेतल्या एका कोहेनला प्रार्थनेत बोलावताना पाहून त्यांच्या डोक्यात आलं, की परंपरा खरी असेल तर दोघांचं बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र जुळायला हवं. 1997 मध्ये 'नेचर'मध्ये त्यावरचा निबंध आला. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या कोहेनांत ठळक साम्य सापडलं. मात्र सगळे एकाच पूर्वजाचे, असा त्याचा अर्थ नाही.

एली कोहेन यांच्यावर मी फार लिहिणार नाही. अलेक्झांड्रियात जन्म, कामेल अमीन साबेत या नावाने दमास्कसमध्ये इस्रायलसाठी हेरगिरी, 18 मे 1965 ला भरचौकात फाशी. माहिती सगळीकडे मिळते.

लेनर्ड कोहेन यांचं कार्ड मात्र भरत चाललंय. मॉन्ट्रिअलचे गायक-कवी, दोन्ही रकान्यांत पक्के. 24 सप्टेंबर 2009 ला इस्रायलमधल्या रामात गानच्या स्टेडियममध्ये कार्यक्रमाच्या शेवटी त्यांनी दोन्ही हात उचलले, बोटं मध्ये फाकवली आणि श्रोत्यांना कोहेनांचा आशीर्वाद हिब्रूत दिला. कोहेनांच्या थडग्यांवर जी दोन हातांची खूण कोरतात, ती हीच. याच माणसाने 1996 मध्ये झेन भिक्षूची दीक्षा घेतली होती, आणि 1999 मध्ये मठ सोडून मुंबई गाठली ती रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले, निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणाचं इंग्रजी करून सांगणारे. सकाळच्या त्यांच्या घरगुती बैठकीत कोहेन इतर मंडळींबरोबर बसत. कॅनडाच्या टपाल खात्याने 2019 मध्ये त्यांच्यावर तीन तिकिटं काढली. तिन्ही माझ्याकडे आहेत, जास्तीचा संच कुणाकडे असेल तर बदली करू.

पुढची फाइल अर्थात लेवी. रीटाबाईंचं कार्ड तयारच आहे, लेखक प्रीमो लेवी आणि मानववंशशास्त्रज्ञ लेवी-स्त्रोस यांच्यापासून सुरुवात करतोय. लेविन, लेविट, लेविन्स्की यांना आत घ्यायचं की नाही, यावर तुमची मतं कळवा.