तिरप्या उजेडात

गिटारवरचे ओरखडे समोरून पाहिले तर दिसत नाहीत. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप आडवी येऊन भिंतीला टेकवलेल्या गिटारवर पडली, की सारे उघडे पडते. नखांनी ओढलेल्या बारीक रेघा, पट्ट्याच्या बकलाने पाठीवर पाडलेले पोचे, कडेचा उडालेला टवका. मग वाजवण्यात मन लागत नाही आणि हात ब्लेड व वॉटर पेपर ठेवलेल्या खणाकडे जातो.

आधी लाकडावरचा पॉलिशचा थर कशाचा आहे ते ओळखावे लागते. चपडी, म्हणजे लाखेचे पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळते आणि नायट्रोसेल्युलोज लॅकर हे वार्निश थिनरने, त्यामुळे या दोन्हींवर दिलेला नवा हात जुन्यात मुरून एकजीव होतो. पॉलियुरेथेनचा थर मात्र कोणाला आत घेत नाही. तिथे टवक्याच्या खळग्यात सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे सुपर ग्लूचा, थेंब सोडायचा, तो बसला की त्यावर आणखी एक, आणि भर पृष्ठभागाच्या किंचित वर आली, की ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मधल्या उघड्या धारेने ती हलकेच खरवडत आणायची. पट्टीच्या जाडीमुळे धार शेजारच्या थराला लागत नाही. पुढे ८००, १२००, २००० नंबरचे कागद पाण्यात भिजवून घासायचे आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड लावायचे. हे खरवडणे मला वाजवण्याहूनही प्रिय आहे, पण तसे चारचौघांत सांगायची सोय नाही.

चपडीचा वास आला, की लहानपणी घरी आलेला पॉलिशवाला आठवतो. कापसाची गोळी मऊ कापडात बांधून तो चपडीत भिजवी, तिला तेलाचे बोट लावी आणि कपाटाच्या दारावर इंग्रजी आठाचे वेढे घेत राही. हात थांबला तर बोळा जागीच चिकटून डाग पडतो, हे आम्हा मुलांना कळले होते; म्हणून तो थांबतो का हे पाहण्यासाठी आम्ही त्याला मुद्दाम अवघड प्रश्न विचारत असू. तो सगळ्यांची उत्तरे देई, काही तर सविस्तर देई, आणि हात आपला चालूच.

पोचा वाफेने उठतो असे पुष्कळजण सांगतात. ते उघड्या लाकडापुरते खरे आहे. थर शाबूत असेल, तर ओल लाकडापर्यंत पोहोचत नाही, उलट वरचा थरच पांढुरका होण्याची भीती असते. त्यामुळे पाठीवरचे पोचे मी तसेच ठेवले आहेत. अमेरिकी गायक विली नेल्सन यांच्या १९६९ सालच्या मार्टिन गिटारला तर वाजवून वाजवून दुसरे भोकच पडले आहे आणि ती अजून वाजते, हे आठवले, की माझा टवका फारच किरकोळ वाटू लागतो.

माझी गिटार जुनी घेतलेली आहे. तारांखाली एके ठिकाणी तिच्या आधीच्या मालकाच्या बोटांनी थर पार झिजवला असून खालचे स्प्रूसचे लाकूड घामाने काळवंडले आहे. तिथे लाकूड उघडे असल्यामुळे खरी गरज त्याच जागेला आहे, हे मला कळते. देईन कधीतरी एक हात.