श्रीलंकेला चाललोय, ते फक्त लाटांसाठी

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाला सर्फिंगला, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवरून घसरायला, जायचं एकदाचं पक्कं झालं. मी, नवरा, माझी मावसबहीण आणि नवऱ्याचा ऑफिसमधला एक मित्र, असे चौघं. ठरल्यापासून ज्याला सांगावं तो एकच विचारतोय, अरे मग कँडी कधी, सिगिरिया कधी, नुवारा एलियाला सीतामाईचं देऊळ आहे ते कधी? तर नाही, यातलं काहीच नाही. आठवडाभर एकच गाव, एकच बीच, एकच खोली, रोज पहाटे उठून पाण्यात आणि संध्याकाळी परत पाण्यात.

आपल्याकडे सहलीचं गणित असं की जितके पॉइंट जास्त तितके पैसे वसूल, आणि एरवी मलाही फिरायला मनापासून आवडतं, पण सर्फिंगचा प्लॅन त्या गणितात बसवायला गेलं की हाती काहीच लागत नाही. पहिले दोन दिवस खांदे भरून येतात, बरगड्या दुखतात, खारं पाणी नाकातोंडात जातं, आणि तिसऱ्या दिवशी कुठे शरीराला कळायला लागतं की लाट मागून उचलते तेव्हा नेमकं कधी उभं राहायचं. आणि बरोबर त्याच दिवशी तुम्ही बॅग भरून डोंगरातल्या ट्रेनमध्ये बसलात तर ते कळलेलं सगळं गेलं, पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. म्हणून पहिलीवहिली सर्फ ट्रिप आखणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, जागा एकच धरा आणि तिथेच राहा.

आता जागा कुठली, यावर आमच्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली. मावसबहिणीचं म्हणणं होतं, ताई, अरुगम बे करूया ना, सगळे तिथेच जातात. जागा जबरदस्त आहे यात वादच नाही, तिथल्या मेन पॉइंट नावाच्या जागेची उजवीकडे लांबच लांब ओळीने फुटत जाणारी लाट बघून कोणालाही तिथेच जावंसं वाटेल, पण अरुगम बे आहे पूर्व किनाऱ्यावर आणि तिथला सीझन मे ते सप्टेंबर. जानेवारीत तिकडे ईशान्य मोसमी वारे समुद्राकडून जमिनीवर येतात, पाऊस असतो, लाटा विस्कटलेल्या. त्याच वेळी नैऋत्य आणि दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे हिक्कडुवा, आहंगामा, मिदिगामा, वेलिगामा, मिरिस्सा, हिरिकेटिया या पट्ट्यात मात्र तेच वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात, आकाश मोकळं आणि पाणी स्वच्छ. तिथला सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. एवढासा देश, पण एका किनाऱ्याचा सीझन संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो, त्यामुळे सुट्टी कधी मिळणार हे आधी बघायचं आणि किनारा त्यावरून ठरवायचा. उलटं केलंत तर भर पावसात बोर्ड घेऊन बसून राहाल.

भारतातच का नाही, हेही विचारलं गेलं. अहो नक्की करा की! मी स्वतः पहिल्यांदा बोर्डवर उभी राहिले ते कर्नाटकात मुल्कीला, मंगळूरच्या थोडं अलीकडे, जिथे शांभवी नदी समुद्राला मिळते. आपल्या देशातल्या सर्फिंगची बरीचशी सुरुवात तिथल्याच मंत्रा सर्फ क्लबपासून झाली. मुंबईहून मत्स्यगंधा पकडायची की सकाळी तिथे. इन्स्ट्रक्टरने आधी पाण्यात जाऊच दिलं नव्हतं, वाळूवर बोटाने बोर्डचा आकार काढला, मधोमध एक रेघ, त्यावर पालथं झोपवलं आणि हात बरगड्यांजवळ टेकवून एका झटक्यात उठायला लावलं, परत, परत, परत, गुडघा वाळूला लागला की पुसून पुन्हा. ज्यांना पासपोर्ट-व्हिसाच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी मुल्की, केरळात वर्कला किंवा चेन्नईजवळ कोवलम-महाबलीपुरम बघावं, पाणी सगळीकडे कोमटच. फक्त आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जानेवारीत लाटा बऱ्याचदा अगदी बारीक असतात आणि पावसाळ्यात समुद्र इतका खवळतो की शिकाऊ माणसाचं तिथे काम नाही. आम्हाला सुट्टी जानेवारीतच मिळणार होती आणि लाट मध्यम पण रोजच्या रोज हवी होती, म्हणून वेलिगामा.

वेलिगामाचा उपसागर म्हणजे लांबलचक अर्धगोल वाळूचा किनारा, खाली खडक नाही, प्रवाळ नाही, पडलं तर वाळूवर. शिकणाऱ्याला याहून चांगलं काय पाहिजे. पाण्यात लगेच व्हाइटवॉटर मिळतं, म्हणजे फुटून फेसाळत किनाऱ्याकडे येणारी लाट, तिच्यावर बसायचं कसं हे आधी शिकायचं आणि मग थोडं आत जाऊन न फुटलेल्या लाटेच्या मागे लागायचं. तोटा एकच, गर्दी. सीझनमध्ये दहाच्या सुमाराला शिकाऊ लोकांचे बोर्ड चहूबाजूंनी सुटलेले असतात, म्हणून पडल्यावर वर येताना डोक्यावर हात धरूनच वर यायचं ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आणि एक नियम पाठच करा, लाट जिथून फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल लाट त्याची, आपण मध्ये घुसायचं नाही. मिदिगामा तिथून पाच-सहा किलोमीटरवर, पण तिथल्या लाटा खडकांवर फुटतात, लेझी लेफ्ट, लेझी राइट ही नावं ऐकायला आळशी वाटतात तरी खाली रीफ, म्हणजे पाण्याखालचा खडक, आहेच, आणि तिथलीच रॅम्स नावाची लाट तर चांगल्या तयारीच्याच लोकांसाठी. रीफवर खरचटलं तर जखम चिघळायला वेळ लागत नाही, त्यात समुद्री साळिंदरासारखे काटेवाले अर्चिन.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, अंदाज वाचणं. विंडी किंवा सर्फलाइन, ही लाटा-वाऱ्याचा अंदाज सांगणारी अ‍ॅप, उघडली की लोक फक्त लाटेची उंची बघतात. उंचीच्या शेजारी सेकंद लिहिलेले असतात, ते बघा. दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत. एक मीटर आणि सहा सेकंद असेल तर ती जवळच्याच वाऱ्याने उठवलेली खळबळ, तिच्यात दम नसतो. एक मीटर आणि चौदा सेकंद असेल तर ती लाट फार लांबून आलीय, खोलवर ताकद घेऊन आलीय, आणि किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आली की एकदम उभी राहते. ही लांबची लाट येते कुठून, तर अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या दक्षिण महासागरातल्या वादळांमधून. तिथून श्रीलंका पाच-साडेपाच हजार किलोमीटर, आणि अशा जास्त सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे तिकडे वादळ झालं की पाचेक दिवसांनी इकडे लाट. मला हे कळलं तेव्हापासून मी नकाशावर ते दक्षिणेकडचे जांभळे डाग बघत बसते, की आज तिथे जे घोंगावतंय ते पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी पायाखालून जाणार.

दुसरं म्हणजे वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलोच आहोत आपण, सर्फिंगमध्ये त्याचा रोज उपयोग. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, येणाऱ्या लाटेला समोरून आधार देतो, लाट गुळगुळीत राहते आणि उशिरा फुटते. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुरू, पाणी सगळं खडबडीत. म्हणून आमचं वेळापत्रक सोपंय, सहा-सव्वासहाला उजाडता उजाडता बीचवर (घड्याळ भारताचंच, अर्ध्या तासाचाही फरक नाही), नऊपर्यंत पाण्यात, मग खाणं-झोप, आणि चार वाजता बघायचं वारा पडलाय का.

भरती-ओहोटीचं मात्र मुंबई-कोकणच्या माणसाला नवल वाटेल. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, कोळी लोक उधाण-भांग बघितल्याशिवाय होडी काढत नाहीत, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला हाच फरक जेमतेम अर्धा-पाऊण मीटर. त्यामुळे कुठल्या वेळी बीचच गायब झालाय असं होत नाही. पौर्णिमा तिकडे वेगळ्या कारणाने लक्षात ठेवायची, दर पौर्णिमेला पोयाची सरकारी सुट्टी असते आणि त्या दिवशी दारूविक्री बंद. आमच्यातल्या एकाला ही माहिती महत्त्वाची वाटली, म्हणून लिहून ठेवली.

तयारी सध्या सुरू आहे ती खांद्यांची. गरम पाण्याचा समुद्र असला की थंडी वाजून बाहेर यावं लागत नाही, सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री पाणी, वेटसूट लागत नाही, तासन् तास आत राहता येतं, आणि मग आधी थकतात ते खांदे. सर्फिंगमध्ये उभं राहणं काही सेकंद, बाकी सगळा वेळ बोर्डवर पालथं पडून हातांनी पॅडल मारणं. म्हणून आठवड्यातून तीनदा टँकवर फ्रीस्टाइल, हळू पण न थांबता. घरी योगा मॅटवर पॉप-अप, म्हणजे तेच पालथं पडून एका झटक्यात उभं राहणं. ज्यांना सूर्यनमस्कार येतात त्यांचं अर्धं काम झालेलंच आहे, भुजंगासनातून छाती वर, आणि तिथून गुडघा न टेकवता दोन्ही पाय एकदम अंगाखाली आणायचे. मावसबहीण रोज सकाळी व्हिडिओ पाठवते, ताई, आज डावा पाय पुढे आला की उजवा? पुढे कुठला पाय येतो हे आत्ताच समजून घ्या, तिथे विचारतातच.

सामान थोडं. फुल बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, आणि खाली घोट्यापर्यंत लेगिंग, हे बायकांनी आवर्जून घ्या, ऊन आणि बोर्डचं घासणं दोन्ही वाचतं. चेहऱ्याला झिंकवालं जाड सनस्क्रीन, नाकावर, गालांवर, आणि लेगिंग घातली नसेल तर विशेषतः गुडघ्यांच्या मागच्या खळग्यात, कारण पालथं पडल्यावर ऊन तिथेच लागतं. बोर्ड इथून न्यायचा नाही, तिथे किनाऱ्यावर रांगेने भाड्याने मिळतात, आठ-नऊ फुटी फोमचा घ्यायचा, आणि मोह झाला तरी छोटा घ्यायचा नाही. छोटा बोर्ड दिसतो छान, पण त्याच्यावर शिकाऊ माणसाला लाट मिळतच नाही. लीश, म्हणजे बोर्डला आणि पायाला बांधायची दोरी, ती पाण्यात शिरण्याआधी स्वतः ओढून बघायची.

आईला मात्र समुद्र म्हटलं की धडकीच भरते, आणि तिचं चुकत नाही, दर पावसाळ्यात कोकणात बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मी तिला बसवून कागदावर काढून दाखवलं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायलाच लागतं, ते एका चिंचोळ्या वाटेने आत ओढतं, तोच रिप करंट. बाहेरून बघितलं तर जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत वाटतं नेमकी तीच जागा बरेचदा धोक्याची. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, दमून जाल. बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि ओढ संपली की लाटांबरोबर बाहेर. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग त्या मास्तरांना सोडून लांब जाऊ नका गं. बरोबर आहे, म्हणूनच पहिले तीन दिवस इन्स्ट्रक्टर ठरवलाय, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवू.

पोचायचं कसं तर मुंबईहून कोलंबो थेट विमान, अडीच तासांच्या आसपास. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आणि आपल्याला जायचंय दक्षिणेला, त्यामुळे पहिला दिवस प्रवासातच धरायचा. एक्स्प्रेसवेने टॅक्सी झटकन नेते, पण आम्ही येताना कोलंबो फोर्टला यायला ट्रेनच घेणार, रूळ कित्येक ठिकाणी समुद्राला इतके लागून आहेत की खिडकीतून लाटा बघत यायचं. ईटीए, म्हणजे देशात शिरायचा परवाना, ऑनलाइन निघतो, तो सरकारी साइटवरूनच काढा आणि फीचे नियम बदलत असतात म्हणून तिकीट काढायच्या आधी एकदा तपासा. खाण्याची चिंता शाकाहारी मंडळींनीही करू नये, भाताबरोबर परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, फणसाची भाजी, पोल सांबोल म्हणजे ओल्या नारळाची तिखटजाळ चटणी, हे घराघरात असतं. पाण्यातून बाहेर आल्यावर शहाळं, तिकडचं केशरी रंगाचं, थंबिली.

मधे एक दिवस पाण्याला सुट्टी दिलीय, त्या दिवशी गॉलचा किल्ला, अर्ध्या-पाऊण तासावरच आहे. नवरा म्हणतो लाटा चांगल्या असल्या तर किल्ला रद्द. मी म्हणते खांद्यांना विचारू. राहायचं बुकिंग झालंय, बीचपासून चालत दोन मिनिटं, तिकिटं या रविवारी काढतोय, आणि इन्स्ट्रक्टरच्या त्या तीन दिवसांच्या पुढे मिदिगामाला लेझी राइटवर जायचं की नाही हे इन्स्ट्रक्टर आमचं पाण्यातलं बघून सांगेल तसं. तुमच्यापैकी कोणी जानेवारीत त्या पट्ट्यात राहून आलं असेल तर फोमचे बोर्ड चांगले ठेवणारं दुकान कुठलं ते खाली लिहा, आम्हाला चार लागणार आहेत, त्यातला एक तरी नऊ फुटी.